५सीबी, नाशिकचा एप्रिल आणि माझा प्रोजेक्ट

एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या सेमला मला लिक्विड क्रिस्टलचा (द्रवासारखं वाहणारं, पण रेणूंची थोडी शिस्त असलेलं मटेरियल) प्रोजेक्ट मिळाला, म्हणजे बाकीच्यांनी विषय उचलल्यावर तोच उरला होता. मटेरियल ५सीबी. काडीसारखे ताठ रेणू, साधारण २३ डिग्रीच्या खाली घट्ट, मग ३५ पर्यंत नेमॅटिक, म्हणजे काड्या सगळ्या एका दिशेला पण जागा धरून कोणी बसत नाही, आणि त्याच्या वर साधा पारदर्शक द्रव. ते ३५ आपण मोजायचं, बस.

जानेवारीत सकाळी बाटली काढली तर आतलं पांढरं गोठलेलं, मुठीत धरून बसलो तेव्हा दुधाळ झालं. खरी गंमत एप्रिलमध्ये. क्रॉस केलेल्या पोलरॉइडमध्ये, म्हणजे एकमेकांना आडव्या लावलेल्या प्रकाशाच्या दोन फिल्टरांमध्ये, साधा द्रव ठेवला की काळोख दिसतो; नेमॅटिकची स्लाइड ठेवली की रंगीत, धागेधागे दिसायला हवेत, मला नुसता काळोख. दिवा बदलला, स्लाइड तीनदा नवीन केली, पोलरॉइड पुसले, तासभर गेला, शेवटी लॅबचे काका म्हणाले अरे पंखा तरी लाव, किती उकडतंय. थर्मामीटर बघितला तर खोलीतच ३६! हीटर लावायच्या आधीच माझा नेमॅटिक वितळून बसलेला.

मग सकाळी सातला यायला लागलो. हळूहळू गरम केलं की रंगात काळे ठिपके उगवतात, थंड करताना उलटं, काळ्यात रंगीत थेंब, आणि थोडा वेळ दोन्ही फेज, नेमॅटिक आणि साधा द्रव, शेजारी शेजारी. रीडिंग ३४.८, ३४.९. जमलं.

थिअरीत मी ऑन्सागर या शास्त्रज्ञाचं कडक काड्यांवरचं १९४९ चं काम टाकलं होतं. डब्यात चार उदबत्त्या कशाही पडतात, पण खच्चून भरल्या की समांतर राहिल्या तरच हलायला जागा उरते, तसंच काहीसं, आकर्षण नसतानाही नुसत्या गर्दीने काड्या एका दिशेला होतात. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी बरोबर तिथेच धरलं, "यात टेंपरेचर कुठाय?" मी गार. मग एप्रिलची स्लाइड आठवली, रेणू तेवढेच होते, बदलली ती फक्त उष्णता. म्हटलं सर, कडक काड्यांना टेंपरेचरने फरक पडत नाही, किती दाटी आहे तेवढंच बघायचं, आणि तेही खूप लांब बारीक काड्यांसाठी, आमचे रेणू तेवढे लांब नाहीत आणि एकमेकांना ओढतातही, म्हणून इथे मायर-साउपे, म्हणजे रेणूंचं आकर्षण आणि टेंपरेचर धरणारी थिअरी, जास्त लागू पडतं.

"हं, मग ते आधी का नाही लिहिलं?" म्हणाले, आणि पान उलटलं.