चुन्याचाच हट्ट कशाला?

साइटवर मालक विचारतात, भाडेकरू विचारतात, कधी रस्त्यानं जाणारा माणूसही थांबून विचारतो : "सिमेंट लावा की! झटपट होईल. चुन्याचाच हट्ट कशाला?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

फोर्टमध्ये एका जुन्या पेढीच्या इमारतीचं काम चालू आहे. खाली दुकानं, वर कचेऱ्या, भिंती जाडजूड विटांच्या. मागे केव्हातरी कुणी तिच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटनं भरल्या होत्या. पहिल्या दिवशी भिंतीवरून हात फिरवला तर सिमेंटच्या रेघा शाबूत, जाळीसारख्या पुढे आलेल्या, आणि मधल्या विटा वाटीसारख्या खोल गेलेल्या. बोटांना लाल भुकटी लागली. पोटात कालवलं.

मुंबईची भिंत चार महिने पाणी पिते. जमिनीतून ओल चढते, खाऱ्या हवेतून मीठ येतं. चुन्याची दरज ती ओल बाहेर सोडते. लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर, धरला तर तिथं धरतो. दरज झिजली की खरवडून पुन्हा भरायची. सिमेंट वाट अडवतं, मग पाणी विटेतून बाहेर पडतं, मीठ विटेतच गोठतं आणि तिचे पापुद्रे सुटतात. दरज विटेपेक्षा मऊच हवी. एवढी एक गोष्ट गवंड्याला पटली की अर्धं काम झालं.

वारसा यादीत नाव आलं म्हणजे इमारत वाचली, असं मात्र समजू नका. काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन बघा, पूर्वीचं वॉटसन हॉटेल. 1867 ते 69 मध्ये उभं राहिलं. इंग्लंडहून आणलेला बिडाचा सांगाडा, मध्ये विटांची भरणी. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं मुंबईनं पहिल्यांदा तिथं पाहिली. यादीत नाव होतं, तरी 2005 मध्ये तिचा काही भाग कोसळलाच. डागडुजी वर्षानुवर्षं, हातानंच करावी लागते.

आमच्या पेढीच्या भिंतीतलं जुनं सिमेंट आम्ही छिन्नी-हातोडीनं काढतो. ग्राइंडर विटेच्या कडा खातो, म्हणून तो साइटवर येऊच देत नाही. मग विटा भिजवायच्या, चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, एकत्र करून दाबून भरायची, वर ओली पोती टांगायची. चुना हवा खाऊन सावकाश दगड होतो, त्याला घाई चालत नाही.

गल्लीकडची भिंत दिवाळीनंतर घेणार आहोत. तिचा चुना जूनपासून पिंपात, पाण्याखाली मुरतोय.