तारेवरून फिरवलेला कापूस

बाबांची एंटरप्राइज अकरा वर्षं गंगापूर रोडच्या घरामागे शेडमध्ये पालथी पडून होती. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली ही १३ फूट ३ इंचांची, निळ्या शिडांची बोट. आमची मरीन प्लायची आहे. तिच्यात दोघं लागतात. पूर्वी बाबा आणि काका, आता बाबांच्या जागी मी.

लाकूड कोरडं असलं तरच इपॉक्सीचा गोंद नीट धरतो, म्हणून मे महिन्यातच हात घातला. सुतारमामा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं तळ ठोकत गेले. टक्, टक्, टक्, आणि सेंटरबोर्डच्या, म्हणजे तळातून पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या, पेटीजवळ भद्द. तेवढा प्लाय कापून नवा बसवला.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या स्टीलच्या तारा मात्र चकचकीत दिसत होत्या. बाबा म्हणाले, "दिसण्यावर जाऊ नकोस. कापूस घे आणि फिरव." उजव्या तारेच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे ती नळीत दाबून बसवलेली असते, तिथे कापूस अडकला. भिंगातून पाहिलं तर १९ पदरांपैकी दोन तुटलेले. पाणी तिथेच मुरतं आणि स्टील आतून खातं. भर वाऱ्यात ती तुटली असती तर डोलकाठीच कोसळली असती. हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

चुलतभाऊ म्हणाला, "द्राक्षाच्या मांडवाची तार पडलीय, ती लाव." मी ठाम नाही म्हटलं. ती एकेरी तार मांडव पेलते, पण सतत हलणाऱ्या जोडावर ती टिकणार नाही. मुंबईहून दोन्ही तारा नव्या मागवल्या, डावीही तितकीच जुनी होती म्हणून.

शिडाचं कापड धड होतं, पण शिवण नखानं उसवली; उन्हानं आधी दोराच कुजतो. ताडपत्री शिवणाऱ्या काकांनी ती पुन्हा घातली. हवेच्या पिशव्या रात्रभर फुगवून ठेवल्या, सकाळी एक मऊ पडली होती. ती बदलली. बोट उलटली तर याच पिशव्या तिला तरंगत ठेवतात.

पावसाळ्यात विसर्ग सुरू असताना धरणावर जायचंच नाही, हे बाबांनी आधीच सांगितलं होतं. आता परवानगी आली आहे. रविवारी सकाळी, वारा उठायच्या आत. लाइफ जॅकेट घालून काठाजवळ छातीभर पाण्यात बोट आधी मुद्दाम उलटवणार आणि सरळ करून पाहणार. डोलकाठी अॅल्युमिनियमची, म्हणून ती उभी करायच्या जागेवरून विजेच्या तारा जात नाहीत ना, तेही काल पाहून आले.

तळाचं बूच बाबांनी आत्तापासून सदऱ्याच्या खिशात ठेवलंय. ते स्वतःच लावणार म्हणतात.