डॉन क्वारी आणि २०० मीटरचं वळण

२०० मीटरची शर्यत शेवटच्या सरळ रेषेत जिंकतात, असं आपल्या इंदुरातल्या बऱ्याच पोरांना वाटतं. त्यांनी जमैकाचा डॉन क्वारी बघायलाच हवा. वळणावर इतकं देखणं धावणारे फार थोडे. १९७१मध्ये कोलंबियातल्या काली शहरात पॅन-अमेरिकन स्पर्धेत त्याने १९.८ सेकंदांत विश्वविक्रमाची बरोबरी केली. १९७२ला म्युनिक ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत स्नायू दुखावला, पण १९७६ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवलंच.

या शर्यतीत साधारण ११५ मीटर वळणावरच जातात. ब्लॉक (सुरुवातीला पाय टेकवायचा ठोकळा) लेनच्या बाहेरच्या कडेला, आतल्या रेषेच्या रोखाने किंचित तिरका लावा. पहिली पावलं सरळ पडतात. मग आतली रेषा सोडू नका. फूटभर बाहेरून अख्खं वळण धावलात, तर जवळजवळ एक मीटर जादा धावता! वळणावर आत कलायचं ते घोट्यापासून. पोरं कमरेत वाकतात, मग पावलं आखूड होतात. मातीच्या ट्रॅकवर पाय घसरतो, तिथे कल कमीच ठेवा.

१९८०ला मॉस्को ऑलिंपिकमध्ये, २९व्या वर्षी, क्वारीने याच शर्यतीत कांस्य घेतलं: २०.२९ सेकंद.