लेबलवरून खोडलेली ओळ

सांगोल्याकडून डाळिंबांची कॅरेट यायची, आम्ही दाणे काढून पुण्याला पाठवायचो. धंद्याची सुरुवात एवढीच. सहा बायका, स्टीलची दोन टेबलं आणि अक्कलकोट रोडला भाड्याचा गाळा. भगवा जातीचं डाळिंब सोललं की वजनातला मोठा वाटा साल नि पापुद्र्यांत जातो. ती साल उचलायला ट्रॅक्टरवाल्याला वर पैसे द्यावे लागायचे, याचंच मला जास्त दुःख.

मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. लग्नानंतर डिग्री कपाटात. पण ज्याला आपण कचरा म्हणतो त्या सालीत प्युनिकॅलाजिन नावाचं अँटिऑक्सिडंट दाण्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं, हे वाचल्यावर कपाट उघडलं. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं होतं, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे. म्हटलं, सालीचं काम सोलापुरात नाही करायचं तर कुठे?

साल वाळवणं वाटतं तितकं सोपं नाही. उन्हात टाकली तर काळी पडते, आभाळ आलं की बुरशी धरते. शेवटी ट्रे ड्रायर घेतला आणि पन्नास अंशांच्या पुढे जायचं नाही असं ठरवलं. खरी ठेच वेगळीच लागली. तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूंचा रोग, आवरायला बागेत बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतात आणि ते बसतं नेमकं सालीवर. पहिल्या मोठ्या लॉटमध्ये तांबं इतकं निघालं की सगळा माल टाकून द्यावा लागला. तेव्हापासून शेतकऱ्याकडून फवारणीची वही मागते. काहींना राग येतो.

लॅबमध्ये अर्काची अँटिऑक्सिडंट तपासणी पहिल्यांदा पाहिली तो दिवस अजून आठवतो. गडद जांभळं द्रावण, त्यात आमच्या अर्काचे चार थेंब, आणि बघता बघता सगळं पिवळं. एवढा रंग पालटताना पाहिला की माणसाला वाटतं, हे शरीरातही असंच होत असणार. मलाही वाटलं.

त्यात एका वितरकाने सुचवलं, पावडरीच्या डब्यावर ‘प्रोस्टेटसाठी (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) गुणकारी’ असं टाका, पन्नाशीपुढचे पुरुष हेच बघून घेतात. माझ्याकडे आधारही होता. २००६ चा अमेरिकेतला अभ्यास : प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशन किंवा रेडिएशननंतर पीएसए (या ग्रंथीचं रक्तात मोजतात ते प्रथिन) पुन्हा वाढू लागलेल्या रुग्णांनी रोज डाळिंबाचा रस घेतला, तर पीएसए दुप्पट व्हायला लागणारा काळ सरासरी १५ महिन्यांवरून ५४ महिन्यांवर गेला. लेबलचा नमुना छापून आला, घरी टेबलावर पडला होता.

मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो वाचला. रात्री चार-पाचदा उठायचे. पण असलं दुखणं सुनेला कसं सांगणार? मुलालाही सांगितलं नाही. डब्यातली पावडर गुपचूप घेत राहिले, सकाळ-संध्याकाळ, दोन महिने. गड्ड्याच्या यात्रेत रात्री लघवी पूर्ण अडकली. दवाखान्यात नळी घातली तेव्हा कुठे बोलले, ‘तुझ्याच कागदावर लिहिलंय की.’

प्रोस्टेटची गाठ साधी निघाली, कॅन्सर नव्हता. पण मी त्यानंतर सगळं नीट वाचून काढलं, आधी काढायला हवं होतं. २००६ च्या त्या अभ्यासात तुलनेला दुसरा गटच नव्हता. पुढे एका गटाला नुसतं बिनऔषधी पेय देऊन तपासलं, तेव्हा फरक टिकला नाही. तो निकाल २०१५ चा. प्रोस्टेटच्या गोळ्यांत हमखास असणारं सॉ पामेटो (एका ताडवर्गीय झुडपाच्या फळांचा अर्क) २०११ मध्ये ३६९ जणांवर तिप्पट डोसपर्यंत नेऊन पाहिलं, तरी बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. व्हिटॅमिन ई तर अँटिऑक्सिडंटच. ३५ हजारांवर पुरुषांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. शिवाय प्युनिकॅलाजिन पोटातून जसंच्या तसं रक्तात जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन करतात, तेही प्रत्येकाच्या पोटात सारखं नाही. मग परीक्षानळीत जे पिवळं झालं त्याचा मामांच्या ग्रंथीशी काय संबंध लावायचा?

वरून १९५४ चा जाहिरातबंदीचा कायदा. ज्या आजारांवर औषध म्हणून जाहिरात करता येत नाही त्या यादीत प्रोस्टेटचे विकार आहेतच. ओळ खोडली. वितरक गेला आणि त्या वर्षी विक्री निम्म्यावर आली, हेही लिहायला हवं.

ऑपरेशननंतर मामा गाळ्यावर येऊन बसतात. फोनवर कुणी विचारलं, ‘वडिलांना लघवीचा त्रास आहे, किती चमचे द्यायचे?’ की मी फोन त्यांच्याकडे देते. ते नळीपासून सुरुवात करतात. पुढचा माणूस बहुतेक डॉक्टरकडे जातो, आमच्याकडे ऑर्डर देत नाही.

आता निम्म्याहून जास्त पावडर कापड रंगवणाऱ्यांकडे जाते. तुरटीत पिवळा, लोखंडाच्या पाण्यात करडा-काळा, आणि तो रंग डोळ्यांसमोर चढतो. सध्या अडचण एवढीच की तेल्यामुळे चांगली साल कमी येतेय, आणि ट्रॅक्टरवालाही आता तिचे पैसे मागतो.