सारसाचं घरटं आणि तीन बांध्यांचं पाणी

सारस पक्ष्यांच्या घरट्यांवर लक्ष ठेवणं हे आमचं काम, त्यामुळे पावसाळ्यात आमचा मोबाईल रात्रीसुद्धा सायलेंटवर नसतो. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि उजाडायच्या आत एका शेतकरी भाऊंचा फोन आला, "मॅडम, पानी घरट्याले टेकलं, आता काय कराचं सांगा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, थोडेफार भंडाऱ्यात. नागझिरा, नवेगावबांध जवळच आहेत पण सारसाला जंगल नकोच असतं, त्याला उघडं पाणथळ लागतं, म्हणजे तलाव, बोड्या (लहान तळी) आणि धानाच्या बांध्या (बांध घातलेली भाताची शेतं). जुलै ते सप्टेंबर घरट्यांचा सीझन, म्हणजे नेमका रोवणीचा आणि धान वाढायचा काळ, आणि बरीच घरटी कुणाच्या तरी भर शेतात. एवढा जवळजवळ सहा फुटी पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच, आणि तो महिनाभर अंडी उबवणार कुणाच्या भरवशावर, तर ज्याची बांधी त्याच्या. विजेच्या तारा, कीटकनाशकं, बुजत चाललेल्या बोड्या हे सगळं आहेच पण त्यावर परत कधीतरी.

आम्ही पोचलो तेव्हा वरचा तलाव भरून सांडव्यावरून पाणी चालू होतं आणि सगळं पाणी या बांधीत उतरत होतं. घरटं दिसलं की आम्ही लांबच्या धुऱ्याजवळ (म्हणजे शेताच्या बांधाजवळ) खुणा केलेली काठी रोवून ठेवतो, तिची वरची खूणसुद्धा बुडायला आली होती. दुर्बिणीतून बघितलं तर दोन्ही पक्षी कामाला लागलेले, एक (जरा मोठा दिसणारा, त्याला आम्ही नर धरतो, बाकी दोघं दिसायला सारखेच) बाजूचं गवत मुळासकट उपटून घरट्याच्या कडेला टाकत होता आणि दुसरी अंड्यांवरून उठून चोचीने तेच गवत ओढून अंड्यांखाली सरकवत होती, मग परत बसायची, परत उठायची, वरून पाऊस चालूच. पाणी चढलं की सारस घरटं असं उंच करत जातात, पण पाण्याचा वेग त्यांच्यापेक्षा जास्त असला तर काही खरं नाही.

तुम्ही म्हणाल धुरा फोडा आणि पाणी काढा. तर अडचण अशी की सगळं पाणीही काढायचं नसतं. घरट्याभोवती पाणी आहे म्हणूनच कुत्री आणि कोल्हे आत येत नाहीत, चिखल उघडा पडला की रस्ता मोकळा. म्हणजे पाणी उतरवायचं पण अर्धंच, आणि ते जाणार कुठे तर खालच्या बांधीत, आणि खालच्या भाऊंचं या भाऊंशी धुऱ्यावरून आधीच भांडण. कोर्टात गेलेलं. ते खोळ पांघरून कुदळ घेऊनच उभे होते, म्हणाले, "पाखरू त्याच्या वावरात, आन बुडाचं मी काहून?" खरं सांगायचं तर मुद्दा बरोबर होता त्यांचा. त्यांचं रोवणं होऊन आठवडाच झाला होता, एवढं कोवळं रोप पाण्याखाली राहिलं तर सडतं.

अशा वेळी मी नुकसान भरून देऊ असं कधीच बोलत नाही, कारण फाईल कधी हलणार ते माझ्या हातात नसतं आणि शब्द फुकट गेला की पुढच्या वर्षी त्या गावातून घरट्याचा फोन येत नाही. बॅनर लावून घेतलेल्या लोकसहभागाच्या मीटिंगमध्ये सगळे हो हो म्हणतात हो, खरा लोकसहभाग काय तो अशा धुऱ्यावर कळतो, आणि तिथे मी बहुतेक वेळ गप्पच असते.

मार्ग काढला तो तिसऱ्याच बांधीवाल्या आजींनी. त्यांची बांधी बाजूला, जरा खोलगट, आणि तिथून नाल्याला उतार. त्या म्हणाल्या माझ्या कोपऱ्यातून जाऊ द्या पानी, तेवढा कोपरा गेला तर गेला. दोघंही भाऊ गप्प. मी पुढे सरकले तर आजींनी मलाच थांबवलं, "तुमी तिथंच थांबा जी, तुमच्या या पिवळ्या कोटाले ते भेते, मले ओळखते." आणि खरंच, रोज त्या धुऱ्यावरून जाणारी बाई बघून नराने मान वर केली, एकदा पाहिलं आणि परत गवत उपटायला लागला, मी चार पावलं टाकली असती तर दोघं पंख पसरून उठले असते आणि अंडी पावसात उघडी पडली असती. आजींनी धुऱ्याला हातभर तोंड पाडलं आणि आत दगड रचून ठेवले, म्हणजे ठराविक पातळीच्या खाली पाणी जाणारच नाही. हे आम्हाला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. खालचे भाऊ कुदळ घेऊन आले होते ते भांडायला, पण शेवटी त्याच कुदळीने नाल्याकडचा उतार त्यांनीच मोकळा करून दिला, तोंडाने काही बोलले नाहीत.

दुपारपर्यंत काठीची खूण परत दिसायला लागली. तेवढ्यात मोठी लेन्स घेऊन गाडीतून दोघं हजर, लोकेशन कुठून मिळालं देव जाणे, त्यांना "अगदी दोनच मिनिटं" जवळ जायचं होतं. गावातल्या पोरांनी गाडीसमोर सायकली आडव्या टाकल्या आणि परत पाठवलं. पक्षीप्रेमींना आवरणं हेही आमच्याच कामात येतं, आणि शेतकऱ्यांपेक्षा तेच जास्त अवघड जातं असं माझं मत आहे, कुणाला राग आला तर येऊ दे.

पुढे एका अंड्यातून पिल्लू निघालं, दुसरं फुटलंच नाही. पिल्लू एक-दोन दिवसांतच आईबापाच्या मागे बांध्याबांध्यांतून फिरायला लागलं. आजींच्या कोपऱ्यातलं रोप गेलं ते गेलंच, खालच्या भाऊंकडे पऱ्हे (रोवायची धानाची रोपं) उरले होते ते त्यांनी आणून दिले, रोवले मात्र आजींनीच. त्या दोघांची केस अजून चालू आहे, पुढची तारीख पण पडली म्हणे.