एकाच फंडाचे दोन टक्के

सांगलीत माझं म्युच्युअल फंड वितरणाचं छोटं ऑफिस आहे. कामातला बराचसा वेळ केवायसी, बदललेल्या सह्या, चुकलेली आडनावं आणि वारसनोंद यांतच जातो. बाजाराबद्दल बोलायचा प्रसंग लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी येतो. पण 2024 च्या सप्टेंबरअखेर, सेन्सेक्स 85,836 वर बंद झाला त्या आठवड्यात, एक बहीण-भाऊ आले आणि त्यांचा हिशेब अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यांचे वडील साखर कारखान्यात कारकून होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. 2003 च्या उन्हाळ्यात त्यांनी मोठ्या कंपन्यांच्या एका जुन्या इक्विटी फंडात दोन्ही मुलांच्या नावाने पन्नास-पन्नास हजार टाकले. फंड एकच, दिवस एकच, रक्कमही एकच. फक्त मुलाच्या फॉर्मवर ग्रोथच्या चौकटीत खूण होती आणि मुलीच्या फॉर्मवर डिव्हिडंडच्या. ती अण्णांनी केली की एजंटने, हे सांगणारं आता कुणी नाही. फॉर्म भरून घेताना एजंट पेन्सिलीने फुल्या मारून 'इथे सह्या करा' म्हणायचे, तो काळ मी पाहिलाय.

अण्णा गेल्यावर ट्रंकेतून दोन्ही फोलिओ, म्हणजे फंडातल्या खात्यांचे कागद, निघाले. भावाचे झाले होते सव्वासतरा लाख, बहिणीचे दोन लाख दहा हजार.

"काका, यात काहीतरी घोळ आहे," ती म्हणाली. भाऊ गप्प होता. सतरा लाखांचा मालक कशाला बोलेल?

घोळ नव्हता. ग्रोथमध्ये नफा फंडातच राहतो, एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, चढत जाते. डिव्हिडंडमध्ये फंड अधूनमधून नफा काढून देतो आणि दिला तेवढी एनएव्ही उतरते. साठाच्या युनिटवर पाच रुपये दिले की युनिट पंचावन्नाचं. तुमचेच पैसे तुमच्या एका खिशातून दुसऱ्यात. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2021 च्या एप्रिलपासून डिव्हिडंडचं नाव बदलून 'इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विड्रॉवल' केलं ते यासाठीच. नाव अगडबंब आहे, पण खरं आहे. आमच्याच धंद्यातली मंडळी फेब्रुवारी-मार्चमध्ये 'डिव्हिडंड येतोय, आत्ताच घ्या' म्हणून युनिटं विकायची. ते आठवलं की आजही चीड येते.

मग खरं काम सुरू झालं: मिळालेले डिव्हिडंड शोधायचे. बहिणीने तिची आणि अण्णांची पासबुकं आणली. जुन्या पानांवरची शाई इतकी पुसट होती की आकडे उजेडाकडे तिरपे धरून वाचले. मार्च 2004 मध्ये एक जमा, 2005 मध्ये एक, पुढे 2008 पर्यंत वाढत्या रकमा. ती अल्पवयीन होती तोवर सगळे डिव्हिडंड पालक म्हणून अण्णांच्या खात्यात आलेले, मिळून एक लाख तीस हजारांच्या आसपास. सज्ञान झाल्यावर फोलिओ तिच्या स्वतःच्या खात्याला जोडला गेला आणि तिथे पुढे सव्वादोन लाख आले. "मला वाटायचं बँकेचं व्याजच आहे," ती म्हणाली. काही भिशीत गेलं, बाकीचं घरात.

तारखा आणि रकमा एक्सेलमध्ये घालून मी दोघांचा एक्सआयआरआर काढला. म्हणजे पैसे कधी गेले आणि कधी आले, हे धरून काढलेला वार्षिक परतावा. भावाचा आला 18 टक्के. बहिणीचा 28.

मी पुन्हा तपासलं. बरोबर होता. 2003 ते 2007 हा बाजार सुसाट सुटलेला काळ होता. तिचे पन्नास हजार त्या वेगात वाढले आणि बरेचसे लगेच बाहेर पडले. पुढच्या मंद वर्षांत तिचे थोडेच पैसे आत होते, भावाचे मात्र सगळेच. एक्सआयआरआर फक्त आत राहिलेल्या पैशाला मोजतो. बाहेर पडलेला रुपया भिशीत गेला की कुणाच्या फीमध्ये, त्याला देणंघेणं नसतं. म्हणून टक्का तिचा जास्त आणि सगळं मिळून रुपये, आलेले आणि उरलेले, भावाच्या रकमेचा तिसरा हिस्सासुद्धा नाही.

मी हे सांगत होतो तोच भावाला कंठ फुटला. "बघ, तुला तर माझ्यापेक्षा जास्त परतावा मिळालाय!"

"दादा, टक्का काय बँकेत भरू?" ती म्हणाली. "आणि अण्णांच्या खात्यात गेलेले माझे होते की नव्हते?"

अण्णांच्या पासबुकात त्या वर्षांत भावाच्या पॉलिटेक्निकच्या फीचे डीडी दिसत होते. तिचं बोट नेमकं तिथे गेलं. पण त्याच खात्यात अण्णांचा पगारही जमा होत होता. कुठल्या रुपयाने कुणाची फी भरली, हे कुठलाही सीए सांगू शकत नाही. कायद्याने तर प्रश्नच नव्हता. युनिटं ज्याच्या नावावर त्याची, ती अण्णांच्या इस्टेटीत धरलीच जात नाहीत.

भाऊ आता स्वतःला गुंतवणूकतज्ज्ञ समजू लागला होता. त्याला मी दुसरा हिशेब दाखवला, कारण 'सुरुवातीपासून इतके टक्के' ही जाहिरातीतली ओळ मला मुळातच पटत नाही. एप्रिल 1992 मध्ये, हर्षद मेहताच्या तेजीत, सेन्सेक्स 4,467 ला पोचला होता. अकरा वर्षांनी, 2003 च्या एप्रिलमध्ये, तो तीन हजारांच्या आसपास होता. 1992 च्या त्या शिखरावर घेतलेल्याला 2024 च्या 85,836 पर्यंत, लाभांश सोडून, वर्षाला साडेनऊ टक्के पडतात. 2003 च्या तळात घेतलेल्याला 17. शेवट तोच, कंपन्याही बहुतेक त्याच जातीच्या, फक्त दाराशी उभं राहण्याची तारीख वेगळी. अण्णांना 2003 साली पैसे मिळाले म्हणून त्यांनी 2003 साली टाकले, एवढंच. जानेवारी 2008 मध्ये 21,000 च्या वर गेलेला सेन्सेक्स 2013 संपतानाही तिथेच घुटमळत होता. त्या सहा वर्षांत भावाने फोलिओ उघडून पाहिला असता तर नक्की विकला असता. फाइल ट्रंकेत होती म्हणून वाचला.

तो म्हणाला, "पण राहिलो ना काका?" यावर काय बोलणार.

माझाही हात यात अगदी कोरडा नाही. दोन्ही फोलिओंवर कमिशन मला मिळणार होतं आणि सतरा लाखांवरचं कमिशन दोन लाखांवरच्यापेक्षा किती जास्त, हे सांगायला नको. भावाला ते ठाऊक होतं. आठवड्याने त्याचा निरोप आला: लेटरहेडवर लिहून द्या की दोघांना अण्णांनी समान गुंतवणूक दिली आणि बहिणीचा परतावा जास्त आहे.

दोन्ही वाक्यं खरी होती. मी लिहून दिलं, पण त्यांच्या वर रुपयांचा तक्ता टाकला: कुणाच्या नावावर किती उरले, कुणाच्या खात्यात किती आले, कोणत्या तारखेला. अण्णांच्या खात्यातले एक लाख तीस हजार वेगळ्या ओळीत. त्याने फोन करून तक्ता काढायला सांगितला. मी नाही काढला. आता त्याने वितरक बदलायचा अर्ज दिलाय. बहिणीने तिची युनिटं ग्रोथमध्ये फिरवली. हे फिरवणंही विक्री धरतात म्हणून भांडवली नफ्याचा हिशेब आम्ही आधी करून पाहिला. 2018 च्या जानेवारीअखेरपर्यंतचा नफा करातून वगळला जातो आणि त्यानंतरचा सव्वा लाखाच्या सवलतीत बसला. कर लागला नाही.