पहाट आठ वाजता होते

२३ नोव्हेंबर २०१९ ला राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांनी शपथ घेतली तेव्हा सकाळचे आठ वाजत आले होते. आता आठ म्हणजे काही पहाट नाही, आठला माणसं डबे घेऊन कामाला निघालेली असतात. तरी कुणालाही विचारा, तो 'पहाटेचा शपथविधी'च. कुणी अगदी कीस काढायचाच म्हटला तर राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना ५ वाजून ४७ मिनिटांची आहे, म्हणजे कागद पहाटेचा आणि शपथ सकाळची. पण लोकांनी घड्याळ बघून नाव ठेवलंच नव्हतं. त्या दिवशीच्या पेपरात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार असा मथळा होता आणि तो वाचत असतानाच टीव्हीवर भलताच माणूस शपथ घेताना दिसत होता, तर घरचे उठायच्या आत काहीतरी उरकून घेतलंय ही जी भावना होती ती 'पहाटेचा' या एका शब्दात बसली. सकाळचा शपथविधी म्हटलं असतं तर नुसती वेळ कळली असती. ते सरकार ८० तासांच्या आसपास टिकलं, शब्द मात्र अजून चालू आहे आणि आता तो फक्त त्या एका घटनेपुरता राहिलेला नाही, कुठेही गुपचूप काही ठरलं की 'पहाटेचा' लावतात.

मला खरं सांगायचं तर राजकारणापेक्षा त्यातून पडलेल्या शब्दांतच जास्त इंटरेस्ट आहे. भाषणं विसरली जातात, जाहीरनामे तर छापणाऱ्यालाही आठवत नसतील, पण काहीतरी खरोखर बदललं असेल तर तिथे एक नवा शब्द उगवलेला असतो आणि तो बहुतेक वेळा ज्यांनी बदल केला त्यांना आवडणारा नसतो.

वरून आलेले शब्दही असतात म्हणा. राज्याभिषेकाच्या सुमाराला शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी-अरबी मिळून सुमारे १४०० शब्दांना संस्कृत पर्याय. पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. नुसती भाषाशुद्धी नव्हती ती, आता दरबार आमचा आहे हे सांगायची पद्धत होती, आणि सांगणारा तेवढ्या तोलाचा होता. पण गंमत बघा, पुढे शंभर वर्षं शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' कोरलेलं राहिलं आणि लोकांच्या तोंडी पेशवेच राहिले. खुद्द महाराजांच्या कोशालाही लोकांच्या जिभेनं निवडून निवडून घेतलं, सेनापती घेतला, पेशवा सोडला नाही, मग आजच्या मंत्रालयातल्या परिपत्रकांची काय कथा.

८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या, त्याला कागदोपत्री शब्द होता विमुद्रीकरण. बँकेच्या लायनीत उभं राहून कुणी विमुद्रीकरण म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून नोटाबंदी. कारण 'बंदी' आपल्याकडे आधीपासून तयार आहे, दारूबंदी, जमावबंदी, आणि आणीबाणीतली नसबंदी. 'बंदी' म्हटलं की सरकार दारात येऊन उभं आहे हे न सांगता कळतं. विमुद्रीकरणात सरकार दिसतच नाही, आपोआप घडणारी एखादी रासायनिक क्रिया वाटते.

पण मला जास्त बोलायचंय ते पक्ष बदलण्याबद्दल, कारण या एका गोष्टीला गेल्या साठेक वर्षांत इतकी नावं पडली आहेत की नुसती नावं ओळीनं वाचली तरी काळ कसा बदलला ते कळतं.

सुरुवात १९६७ ची. हरियाणा राज्य नुकतंच झालेलं, तिथले गयालाल नावाचे आमदार पंधरा दिवसांत तीन वेळा इकडून तिकडे गेले, आणि तिथले नेते राव बिरेंद्र सिंगांनी त्यांना पत्रकारांसमोर उभं करून म्हटलं की गयाराम आता आयाराम झाले. हिंदीतला शब्द, पण मराठीनं जसाच्या तसा उचलला, कारण आया आणि गया कळायला डिक्शनरी लागत नाही. यात मला आवडतं ते हे की त्या शब्दात राग नाही, हसू आहे. म्हणजे तेव्हा असा माणूस अजून नमुना होता, बोट दाखवून हसण्यासारखा, आणि बाकीचे तसे नाहीत असं निदान गृहीत तरी धरलं जात होतं.

आपल्याकडे १९७८ ला वसंतदादा पाटलांचं सरकार त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या शरद पवारांनी पाडलं आणि ते ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले, तेव्हा दोन शब्द जन्माला आले. एक पुलोद, पुरोगामी लोकशाही दल, जो आता फक्त स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात सापडतो. दुसरा खंजीर. खंजीर काही नवा शब्द नाही, पण पाठीत खुपसलेला खंजीर ही महाराष्ट्राच्या राजकारणातली कायमची वस्तू तेव्हापासून झाली, आणि नंतर ज्याला त्याला तो वापरायला मिळाला, पवारांच्या विरोधकांना आणि पुढे २०२३ ला राष्ट्रवादी पक्ष फुटल्यावर पवारांच्या समर्थकांनासुद्धा. इथे हसू गेलेलं आहे. खंजिराला घाव होतो, विश्वास लागतो. जिथे विश्वासच नाही तिथे खंजीर कसला.

मग १९८५ ला ५२ वी घटनादुरुस्ती आली, दहावं परिशिष्ट आलं, आणि शब्द एकदम वकिली झाले. पक्षांतर. तेव्हा एक तृतीयांश आमदार निघाले तर ते पक्षांतर नाही, ती 'फूट', आणि फूट माफ. म्हणजे एकटा गेला तर अपात्र आणि घोळक्यानं गेला तर तत्त्वाचा प्रश्न. २००३ ला ९१ व्या दुरुस्तीनं ती सवलत काढली, आता दोन तृतीयांश आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला पाहिजे. कायद्यानं 'फूट' हा शब्दच खोडला. आणि शब्द खोडला की गोष्ट थांबते असं नाही, गोष्ट दुसरा शब्द शोधते. म्हणून तर २०२२ ला एकनाथ शिंदेंसोबत शिवसेनेचे आमदार निघाले तेव्हा कुणीही 'आम्ही फुटलो' म्हणालं नाही. फुटलो म्हटलं की संपलंच. सगळे म्हणाले आम्हीच मूळ पक्ष, आम्ही कुठे गेलोच नाही, तेच आम्हाला सोडून गेले. सुरत, गुवाहाटी, गोवा एवढा प्रवास करून कुठेच न गेलेली माणसं जगाच्या इतिहासात फार नसतील. जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला त्यात शिंदेंची शिवसेना खरी ठरली आणि अपात्र मात्र दोन्हीकडचं कुणीच नाही. कायद्याच्या भाषेत बघाल तर पक्षांतर झालंच नाही म्हणा ना.

पण मधलं एक राहिलं, मेगाभरती. हा शब्द मला सगळ्यांत भारी वाटतो. २०१८ मध्ये सरकारनं ७२ हजार पदांची नोकरभरती जाहीर केली होती तिला मेगाभरती म्हणायचे, हजारो पोरं त्या आशेवर अभ्यासिकांमध्ये बसली होती, आणि २०१९ च्या निवडणुकीआधी काँग्रेस-राष्ट्रवादीतले नेते एकामागून एक भाजप-शिवसेनेत जायला लागले तेव्हा पेपरवाल्यांनी तोच शब्द त्यांना चिकटवला. पोरांची भरती रखडली, नेत्यांची वेळेत झाली. सोबत 'इनकमिंग' आणि 'आउटगोइंग' आले, मोबाइलच्या बिलातले. कुठे गयालालला बघून हसणारा देश आणि कुठे हे, भरती, इनकमिंग, यात माणसाचं नावही नाही, हसू नाही, घाव नाही, नुसता आकडा आहे. एकाची थट्टा करता येते. रांग लागली की टोकन देतात.

त्यानंतर खोके. मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी हे आधीपासून होतं, पण ते आपलं गुन्हेगारीच्या बातम्यांतलं. ऑगस्ट २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' सुरू केलं. त्यातला 'ओके' शिंदेंसोबत गेलेले आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीहून केलेल्या त्या फोनमधून आलेला, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, एकदम ओक्के. आरोप सिद्ध वगैरे काही झाला नाही, ज्यांच्यावर झाला त्यांनी तो फेटाळला, ते आपलं नेहमीचं. मी शब्दाबद्दल बोलतोय. विरोधकांनी तत्त्व, निष्ठा, जनादेश असले शब्द काढले असते तर चार दिवसांत विरले असते, कारण ते दोन्ही बाजूंनी आधीच वापरून गुळगुळीत झालेत. खोक्याला यमक होतं आणि वजन होतं, म्हणून गल्लीतल्या पोरांपर्यंत गेला.

आणि आता उबाठा. या शब्दाचा बाप निवडणूक आयोग आहे. ऑक्टोबर २०२२ ला आयोगानं नाव आणि धनुष्यबाण गोठवले, एकाला दिलं 'बाळासाहेबांची शिवसेना' आणि दुसऱ्याला 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)', फेब्रुवारी २०२३ ला मूळ नाव आणि चिन्ह शिंदेंकडे गेलं आणि कंसातलं नाव कंसातच राहिलं. आता एवढं लांब नाव मथळ्यात मावणार कसं, म्हणून उबाठा. आधी जागा वाचवण्यासाठी, मग शिंदेंच्या बाजूचे मुद्दाम तेच म्हणायला लागले, ठासून, कारण उबाठा म्हटलं की शिवसेना म्हणावं लागत नाही. तिकडून ठाकरेंचं उत्तर 'मिंधे'. एका अक्षरानं आडनावाचा असा शब्द केला की त्यात उपकाराखाली वाकलेला माणूस दिसायला लागला. तेव्हा एखाद्याचं मत कुणाला ते विचारायची गरजच राहिलेली नाही, तो उबाठा म्हणतो की मिंधे म्हणतो की सावधपणे 'ठाकरे गट', 'शिंदे गट' म्हणतो एवढं ऐकायचं. 'गट' म्हणणारा बहुतेक पत्रकार असतो नाहीतर त्याच्या घरात दोन्हीकडचे लोक असतात.

ईडीबद्दल तर लिहायलाच नको, फक्त क्रियापद बघा. सीबीआय येते, पोलीस पकडतात, पण ईडी 'लागते'. साडेसाती लागते तशी, आणि सुटण्याचे उपाय पण लोक तसेच कुजबुजत सांगतात. त्यातलाच एक उपाय म्हणजे वॉशिंग मशीन, सत्तेतल्या पक्षात गेलं की आरोप धुऊन निघतात म्हणून, तो शब्द सगळ्यांना माहीत आहे. २०२४ चा 'लाडका' पण असाच. योजना आली लाडकी बहीण म्हणून, महिन्याला १५०० रुपये, आणि बघता बघता सगळ्यालाच लाडका लागायला लागला, लाडका भाऊ, लाडका कंत्राटदार, लाडका उद्योगपती. योजनेचं नाव सरकारनं ठेवलं, पण ते उपरोधानं वापरायचं कसं हे लोकांनी परस्पर ठरवलं. याच्यात एक बारीक गोष्ट झाली तिच्याकडे फार कुणी बघितलं नाही असं मला वाटतं, नागरिक हा शब्द आधीच मागे पडला होता, लाभार्थी होता, आता थेट नातं आलं. भावाकडे हक्क मागत नाहीत, ओवाळणी घेतात.

एवढं सगळं झालं तरी एक जागा मला रिकामी दिसते. आमदाराला आपण आयाराम म्हटलं, फुटीर म्हटलं, बंडखोर, गद्दार, मिंधे, खोकेबाज, काही म्हणून ठेवलं नाही. पण ज्यानं धनुष्यबाणाचं किंवा घड्याळाचं बटण दाबलं आणि मग बघितलं की आपलं मत न विचारता आसामच्या हॉटेलात जाऊन आलं नाहीतर परस्पर सत्तेत जाऊन बसलं, त्या माणसाला काय म्हणायचं? त्यानं पक्ष बदललेला नाही, त्याचा पक्ष बदललाय, तो तिथेच आहे. मतदारराजा म्हणतात, पण तो शब्द मतदानाच्या आधी महिनाभर चालतो, निकालानंतर कुणी राजा म्हटलेलं ऐकलंय का? २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत महाराष्ट्रातल्या किती लोकांचं असं झालं असेल, आणि त्याला अजून साधा शब्द नाही. कुणाला सुचला तर कट्ट्यावर, रिक्षात, कुठेही टाकून द्या, चांगला असेल तर त्याचा तो पसरेल. फक्त सरकारी शब्द घडवणाऱ्या परिभाषा समितीला कळू देऊ नका, ते त्याचं मतांतरग्रस्त करतील आणि वर एक फॉर्म काढतील.